पुनर्कथन, सारकथन आणि वाचनाकलन : रायपूरच्या बहुभाषिक परिसरातून एक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

वाचलेला मजकूर विद्यार्थ्याला समजला की नाही, हे शिक्षकाने कशावरून ठरवावे, हा भाषाशिक्षणातील जुना आणि अजूनही न सुटलेला प्रश्न आहे. आकलन ही मनात घडणारी क्रिया आहे; ती प्रत्यक्ष दिसत नाही. दिसतो तो तिचा बाहेर पडलेला काही अंश. उताऱ्याखालच्या प्रश्नांची उत्तरे हा त्यांपैकी सर्वांत रूढ अंश होय. परंतु अशा प्रश्नांत एक उणीव अंगभूतच असते. प्रश्नातील शब्द उताऱ्यात शोधायचा आणि त्याच्या आजूबाजूचे वाक्य उतरवून काढायचे, एवढ्या कौशल्यावर विद्यार्थी उत्तीर्ण होऊ शकतो. संपूर्ण संहितेचा आकार त्याच्या मनात उभा राहिला आहे काय, याची परीक्षा त्यातून होत नाही. ती व्हावी यासाठी दोन क्रिया प्राचीन काळापासून उपलब्ध आहेत: वाचलेले पुन्हा सांगणे आणि वाचलेल्याचे सार सांगणे.

या दोन क्रिया एकच मानण्याची सवय शालेय व्यवहारात दृढ झाली आहे. मराठी शाळांतील सारांशलेखन उताऱ्याच्या एक-तृतीयांश लांबीच्या मोजपट्टीने तपासले जाते, आणि गोष्ट सांगणे हा प्राथमिक वर्गांतला करमणुकीचा तास समजला जातो. एकीला गणिताचे रूप आले, दुसरीला विरंगुळ्याचे. वस्तुतः दोहोंची मागणी भिन्न आहे. पुनर्कथनात घटनांचा क्रम, त्यांतील कार्यकारणसंबंध आणि पात्रांचे हेतू पुन्हा उभे करावे लागतात. सारकथनात यांपैकी काय राखायचे आणि काय सोडायचे, याचा निवाडा करावा लागतो. पहिली क्रिया पुनर्रचनेची आहे, दुसरी मूल्यनिर्णयाची. पहिलीवाचून दुसरी केली की हाती केवळ छाटलेली वाक्ये उरतात.

या भेदाचा विचार रायपूरच्या संदर्भात करण्याला विशेष कारण आहे. ही नगरी एका भाषेची नाही. घरी छत्तीसगढी, शाळेत प्रमाण हिंदी, आणि काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी, असा येथील विद्यार्थ्याचा भाषिक व्यवहार आहे. अशा वर्गात आकलनाची कसोटी आणि शाळेच्या भाषेवरील प्रभुत्वाची कसोटी या दोन गोष्टी सहज एकमेकींत मिसळून जातात. ज्याला कळले पण प्रमाण भाषेत मांडता आले नाही, तो 'न समजणारा' ठरतो. ज्याने मार्गदर्शिकेतील तयार सारांश पाठ केला, तो 'समजणारा' ठरतो. हा अन्याय केवळ गुणांपुरता राहत नाही. आपल्याला वाचता येत नाही, अशी खूणगाठ मूल मनाशी बांधते आणि ती पुढे आयुष्यभर सुटत नाही.

२. रायपूरची पार्श्वभूमी : पुनर्कथनाच्या तीन परंपरा

छत्तीसगढात मराठी भाषा अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेबरोबर स्थिरावली. बिंबाजी भोसले यांचा कारभार रतनपुराहून चालला; १८१८ नंतर ब्रिटिश अधीक्षकाच्या अमलात रायपूर हे प्रशासनाचे केंद्र झाले. १८६१ साली मध्य प्रांताची रचना झाली, आणि नागपूर व रायपूर यांचे एका प्रशासनात असणे १९५६ पर्यंत टिकले. त्यामुळे शिक्षक, वकील, कारकून आणि मुद्रक या व्यवसायांतून मराठी माणसे या प्रदेशात आली व येथील हिंदीची झाली. या इतिहासातून पुनर्कथनाच्या तीन परंपरा एकत्र आलेल्या दिसतात.

पहिली परंपरा मौखिक सादरीकरणाची आहे. पंडवानी हे महाभारतकथेचे छत्तीसगढी पुनर्कथन. तिच्या दोन शैली मानल्या जातात: सबलसिंह चौहान यांच्या हिंदी महाभारताचा आधार घेऊन बसून गायिली जाणारी वेदमती, आणि अधिक मोकळी, उभ्याने सादर होणारी कापालिक. झाडूराम देवांगन यांचे नाव पहिलीशी, तर २०१९ साली पद्मविभूषण मिळालेल्या तीजनबाई यांचे नाव दुसरीशी जोडले जाते. शिक्षणाच्या दृष्टीने यात सर्वांत लक्षणीय भूमिका 'रागी'ची आहे. तो मुख्य गायकाला हुंकार देतो, मध्येच विचारतो, कधी ऐकलेले वाक्य उलट प्रश्नाच्या रूपात परत करतो. म्हणजे येथे श्रोता मुका नसतो; त्याच्या विचारण्याने कथा पुढे सरकते. मराठी कीर्तनातही पूर्वरंगात एक सूत्र मांडायचे आणि उत्तररंगात आख्यान सांगून ते सिद्ध करायचे, अशी रचना आहे. सार आणि कथन यांचा परस्परसंबंध दाखवणारी याहून स्पष्ट लोकशाळा मिळणे कठीण.

दुसरी परंपरा भाषाभ्यासाची आहे. हिरालाल काव्योपाध्याय यांनी १८८५ साली छत्तीसगढीचे व्याकरण सिद्ध केले. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १८९० साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांचे जे सर्वेक्षण केले, त्याची मुख्य पद्धत पुनर्कथनाचीच होती. बायबलमधील उधळ्या पुत्राची एकच कथा शेकडो भाषा-बोलींत सांगवून घेऊन त्यांची तुलना करण्यात आली. एकच आशय, अनेक कथने आणि त्यांतील फरकांचे वाचन, हे सूत्र तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नाही.

तिसरी परंपरा अनुवादाची असून तिचे केंद्र माधवराव सप्रे हे आहेत. १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे मराठीभाषक कुटुंबात जन्मलेल्या सप्रे यांचे शिक्षण बिलासपूर व रायपूर येथे झाले. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी पेंड्रा येथून रामराव चिंचोलकर यांच्यासह 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. वामन बळिराम लाखे त्याचे प्रकाशक होते. १९०७ साली नागपुरातून त्यांनी 'हिंदी केसरी' काढला आणि १९०८ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. त्यानंतरच्या काळात त्यांनी समर्थ रामदासांचा 'दासबोध', लोकमान्य टिळकांचे 'गीतारहस्य' आणि चिंतामणराव वैद्यांचा महाभारतविषयक ग्रंथ हिंदीत आणले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरात त्यांचे निधन झाले. घरची भाषा मराठी, लेखनाची भाषा हिंदी आणि परिसराची भाषा छत्तीसगढी, अशा त्रिभाषिक स्थितीत त्यांचे वाङ्मयीन जीवन गेले. आज रायपूरच्या वर्गात बसणाऱ्या मुलाची स्थिती प्रकाराने यापेक्षा फार वेगळी नाही.

३. मानसशास्त्र आणि साहित्यविचार काय सांगतात

फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या स्मरणविषयक ग्रंथात उत्तर अमेरिकेतील आदिवासींची भुतांच्या युद्धाची एक कथा इंग्रज वाचकांना पुन्हा पुन्हा सांगावयास लावली. प्रत्येक कथनागणिक कथा आखूड झाली, अनोळखी तपशील ओळखीचे झाले, सीलच्या शिकारीचे मासेमारीत रूपांतर झाले आणि भुतांचा उल्लेख अनेकदा गळूनच पडला. स्मरण म्हणजे साठवलेले जसेच्या तसे बाहेर काढणे नसून आधीच्या अनुभवाच्या साच्यात केलेली पुनर्रचना होय, हा त्याचा निष्कर्ष. वर्गाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की पुनर्कथनातील चूक ही निव्वळ उणीव नसते. तपशील कोठे बदलला, यावरून वाचकाने कोणता साचा वापरला, ते कळते.

वॉल्टर किंच आणि टेउन व्हॅन डाइक यांनी १९७८ साली मांडलेल्या प्रतिमानात संहितेच्या सूक्ष्म व स्थूल अशा दोन पातळ्या कल्पिल्या आहेत. सूक्ष्म पातळीवरील विधानांतून स्थूल आशयाकडे जाण्याचे मार्ग तीन: अनावश्यक विधाने गाळणे, अनेक विधानांऐवजी एक व्यापक विधान ठेवणे, आणि संहितेत प्रत्यक्ष नसलेले पण तिच्यातून निष्पन्न होणारे विधान रचणे. अ‍ॅन ब्राउन व जेन डे यांच्या १९८३ सालच्या अभ्यासात असे दिसले की लहान विद्यार्थी सारांश करताना बहुधा पहिल्याच मार्गावर थांबतात: काही वाक्ये वगळतात, उरलेली जशीच्या तशी उतरवतात. स्वतःचे सूत्रवाक्य रचणे ही सर्वांत उशिरा येणारी क्षमता होय. एक-तृतीयांशाची मोजपट्टी नेमक्या याच प्राथमिक अवस्थेला बक्षीस देते. लांबी बरोबर आली की काम झाले, असे ती शिकवते.

साहित्यविचारातही समांतर भेद सापडतो. जेरार जनेत यांनी १९८२ सालच्या ग्रंथात एका संहितेपासून दुसरी संक्षिप्त संहिता निर्माण होण्याचे प्रकार वेगळे केले आहेत. भाग कापून टाकणे ही एक रीत. प्रत्येक वाक्य आखूड करणे ही दुसरी. आणि मूळ वाक्यांना न चिकटता, संपूर्ण कृती मनात धरून नव्याने सार मांडणे ही तिसरी. या तिसऱ्या रीतीत लेखक संहितेच्या शब्दांशी नव्हे, तर स्मरणात राहिलेल्या तिच्या समग्र रूपाशी व्यवहार करतो. पुस्तक मिटून सार लिहिण्याचा आग्रह शिक्षकाने का धरावा, याचे साहित्यशास्त्रीय उत्तर येथे मिळते.

याहून जवळचे साधन मीमांसापरंपरेत आहे. ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्यासाठी उपक्रम आणि उपसंहार, अभ्यास म्हणजे पुनरुक्ती, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती या खुणा पाहाव्यात, असे ती सांगते. टिळकांनी 'गीतारहस्या'च्या आरंभीच्या विवेचनात गीतेचा अर्थ लावण्याची कसोटी म्हणून हीच साधने स्वीकारली, आणि सप्रे यांच्या अनुवादामुळे ती हिंदी वाचकाच्या हाती आली. सारकथनाची इतकी नेमकी रीत याच परिसराच्या बौद्धिक इतिहासात उपलब्ध असताना तिचा वर्गात उपयोग होऊ नये, हे आश्चर्य आहे.

४. एका कथेचे उदाहरण : 'एक टोकरी भर मिट्टी'

सप्रे यांची ही कथा 'छत्तीसगढ मित्र'च्या एप्रिल १९०१ च्या अंकात आली. हिंदीतील पहिल्या आधुनिक कथेचा मान कोणत्या कथेस द्यावा, या वादात तिचे नाव किशोरीलाल गोस्वामी, रामचंद्र शुक्ल आणि बंगमहिला यांच्या कथांबरोबर घेतले जाते. त्या वादात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. आकाराने अत्यंत लहान आणि कार्यकारणाच्या दृष्टीने घट्ट विणलेली असल्यामुळे ती प्रस्तुत विषयाला उपयुक्त आहे.

कथानक थोडक्यात असे. जमीनदाराला महालाचे आवार वाढवण्यासाठी शेजारच्या गरीब विधवेची झोपडी हवी असते. तिचा पती, मुलगा आणि सून हे सारे गेलेले. पाच वर्षांची नात तेवढी उरलेली. ती झोपडी सोडत नाही, तेव्हा वकिलांच्या मदतीने जमीनदार न्यायालयातून ताबा मिळवतो. पुढे एके दिवशी विधवा टोपली घेऊन येते. झोपडी सुटल्यापासून नात जेवत नाही, आपल्या घरीच भाकरी खाईन म्हणते. म्हणून त्या झोपडीतील टोपलीभर माती नेऊन तिची चूल करावी, अशी विनंती ती करते. परवानगी मिळते. भरलेली टोपली डोक्यावर चढवायला हात लावा, अशी गळ ती जमीनदारालाच घालते. त्याला ती उचलत नाही. एक टोपली उचलली जात नाही, तर या झोपडीतल्या हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा वाहणार, असे ती विचारते. जमीनदाराचे डोळे उघडतात आणि तो झोपडी परत करतो.

या कथेच्या पुनर्कथनात तीन जागा कसोटीच्या आहेत. पहिली जागा नातीची. विद्यार्थ्याने नात गाळली, तर विधवा माती मागायला का आली, याचे कारण नाहीसे होते. गोष्ट पुढे सरकते, पण तिचा सांधा निखळलेला असतो. प्रश्नोत्तरांत हा निखळलेला सांधा दिसत नाही. सलग कथनात तो लगेच उघडा पडतो. दुसरी जागा जमीनदाराने स्वतः टोपलीला हात लावण्याची. नोकर जवळ असताना तो स्वतः का वाकतो? कथेत आधी राग आणि मग दया, असे वळण आहे. 'त्याला टोपली उचलली नाही' एवढेच सांगणारा वाचक हे वळण हरवून बसतो, आणि मग शेवटचा पश्चात्ताप आकाशातून पडल्यासारखा वाटतो. तिसरी जागा सर्वांत महत्त्वाची. विधवेने हे सारे योजून केले, की ते शब्द तिच्या तोंडून त्या क्षणी निघाले? कथा दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवते. 'म्हातारीने युक्ती केली' असे सांगणारा विद्यार्थी आणि 'म्हातारी बोलून गेली' असे सांगणारा विद्यार्थी, दोघांनी दोन वेगळ्या कथा वाचल्या आहेत. यांतील कोणी चुकलेला नाही; पण आपण निवड केली आहे, हे दोघांनाही कळले पाहिजे. पुनर्कथन ते कळण्याची संधी देते.

सारकथनाच्या पातळीवर अडचण वेगळी येते. कथेचे सार विचारले असता 'संपत्तीचा गर्व करू नये' असे उत्तर येणे स्वाभाविक आहे. इसापनीतीच्या वाचनाने लागलेली ही 'तात्पर्य' सांगण्याची सवय होय. पण हा बोध आहे, सार नव्हे. हजार कथांना तो सारखाच लागू पडेल. मीमांसेच्या खुणा लावून पाहिल्या म्हणजे फरक ध्यानात येतो. उपक्रमात झोपडीचा लोभ आहे आणि उपसंहारात झोपडीचे परत करणे. अभ्यास आहे तो झोपडीच्या ओढीचा: विधवेचे तेथे राहणे, नातीचे न जेवणे, आत जाताच विधवेचे रडणे. अपूर्वता मातीच्या वजनात आहे. अन्यायाचे माप येथे कायद्याने नव्हे, तर शरीराला जाणवणाऱ्या ओझ्याने घेतले आहे. उपपत्ती म्हणजे एकावरून हजारांकडे जाणारा विधवेचा युक्तिवाद. फल म्हणजे परतफेड. वकिलांचा प्रसंग अर्थवादाच्या जागी येतो. या खुणा जोडल्या की सार असे होते: न्यायालयाने वैध ठरवलेला कब्जा मातीच्या प्रत्यक्ष ओझ्यापुढे अवैध ठरतो आणि बळकावणाऱ्यालाच त्याची जाणीव होते. हे वाक्य संहितेत कोठेही नाही. ते वाचकाने रचले आहे. म्हणूनच ते आकलनाचा पुरावा ठरते.

५. पुनर्कथनाची तुलना : वर्गातून तौलनिक साहित्याकडे

ही कथा स्वतःही एका मोठ्या कथाकुलाची सदस्य आहे. स्पेनमधील खलिफा अल्-हकम आणि काझी इब्न बशीर यांची आख्यायिका युरोपीय भाषांत बोधकथा म्हणून प्रचलित झाली. तीत खलिफा बागेसाठी विधवेची जमीन घेतो. काझी गाढव व पोते घेऊन येतो, त्या जमिनीची माती पोत्यात भरतो आणि ते उचलायला खलिफाचा हात मागतो. खलिफाला ते उचलत नाही, तेव्हा कयामतीच्या दिवशी साऱ्या जमिनीचे ओझे कसे वाहणार, असे काझी विचारतो. नौशेरवानाच्या महालाशेजारची म्हातारीची झोपडी आणि बायबलमधील नाबोथाचा द्राक्षमळा या कथांतही सत्ताधारी, दुबळा शेजारी आणि जमीन हे त्रिकूट आहे.

थेट उसनवारीचा दावा न करताही अल्-हकमाची कथा आणि सप्रे यांची कथा शेजारी ठेवता येतात. सांगाडा एकच असला तरी तीन बदल बोलके आहेत. काझी नाहीसा झाला असून त्याचे शब्द विधवेच्याच तोंडी आले आहेत. न्याय मागणारी व्यक्तीच न्याय सांगते. न्यायसंस्था अनुपस्थित नाही, पण ती बळकावणाऱ्याच्या बाजूला उभी आहे. वासाहतिक न्यायालयांच्या काळातील वाचकाला या उलटापालटीचा अर्थ सांगावा लागला नसता. दुसरा बदल नात आणि चूल यांचा. पोत्यातली माती केवळ युक्तिवादाचे साधन होती. टोपलीतल्या मातीला घरगुती प्रयोजन मिळाले आहे. तिसरा बदल काळाचा: कयामतीच्या दिवसाऐवजी 'जन्मभर'. परलोकातल्या हिशेबाची जागा इहलोकातल्या विवेकाने घेतली आहे.

माध्यमिक वर्गातील विद्यार्थ्याला या दोन कथा ऐकवून 'काय बदलले आणि त्यामुळे काय झाले' एवढाच प्रश्न विचारला, तरी तो तौलनिक वाचनाच्या उंबरठ्यावर येतो. ए. के. रामानुजन यांनी रामायणांच्या विविधतेविषयीच्या निबंधात मूळ आणि पाठभेद या कल्पनेऐवजी अनेक 'कथने' मानावीत, असे सुचवले होते. ती भूमिका वर्गातल्या तीस मुलांच्या तीस कथनांनाही लागू करता येते. मात्र एक मर्यादा पाळावी लागेल. परंपरेतील कथनकार जाणूनबुजून बदल करतो. शिकणारा पुष्कळदा नकळत करतो. नकळत झालेला बदल ध्यानात आणून देणे हेच शिक्षकाचे काम होय.

६. भाषेचा प्रश्न

२०११ च्या जनगणनेत छत्तीसगढी ही मातृभाषा सांगणारे सुमारे १ कोटी ६२ लाख लोक हिंदीच्या अंतर्गत मोजले गेले. २८ नोव्हेंबर २००७ रोजी विधानसभेने तिला राजभाषेचा दर्जा देणारे विधेयक संमत केले, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षणाचा पुरस्कार केला. धोरणाची दिशा स्पष्ट आहे. परंतु पाठ्यपुस्तक हिंदीत असताना घरची भाषा वर्गात कोणत्या वाटेने येणार, हा व्यवहाराचा प्रश्न उरतो. पुनर्कथन ही त्यांतली सर्वांत सोपी वाट आहे. तिला नवे पुस्तक लागत नाही.

वाचन हिंदीत, पहिले कथन घरच्या भाषेत, अशी रीत ठेवली की दोन गोष्टी साधतात. एक, 'टोकरी'चा 'टुकना' आणि 'मिट्टी'ची 'माटी' करताना मुलाला वाक्य उतरवून काढता येत नाही. अर्थावरूनच जावे लागते. नक्कल करण्याची वाट भाषांतरामुळे आपोआप बंद होते. दोन, न कळलेली जागा झाकता येत नाही. मराठीभाषक मुलांच्या बाबतीत हे विशेष प्रत्ययाला येते, कारण दोन्ही भाषांतील संस्कृतोद्भव शब्द दिसायला सारखे आणि अर्थाने वेगळे असतात. हिंदीतील 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. हिंदीत 'संसार' म्हणजे जग, मराठीत घरप्रपंच. हिंदीत 'आपत्ति' हा आक्षेपही असतो, मराठीत केवळ संकट. हिंदीतच लिहिलेल्या सारांशात हे शब्द जसेच्या तसे जातात आणि गैरसमज दडून राहतो. मराठीत सांगताना तो उघड होतो. ओळखीचा वाटणारा शब्द अनोळखी शब्दापेक्षा अधिक फसवतो, हे अनुवादकाचे जुने शहाणपण येथे शिक्षकाच्या उपयोगी पडते.

घरच्या भाषेत सांगून झाल्यावर सार मात्र शाळेच्या भाषेत लिहवून घ्यावे. असे केल्याने प्रमाण भाषेचे शिक्षण मागे पडत नाही. उलट, आशय आधीच हाती आल्यामुळे मुलाचे सारे लक्ष अभिव्यक्तीवर राहते. आकलन आणि अभिव्यक्ती ही दोन ओझी एकाच वेळी उचलावी लागत नाहीत.

७. अध्यापनाचा क्रम

वरील विवेचनावरून वर्गासाठी पाच पायऱ्यांचा क्रम सुचवता येतो.

(अ) वाचन. मजकूर लहान आणि पूर्ण असावा. मोठ्या कृतीतला तुटक उतारा पुनर्कथनाला योग्य नाही. त्याला आरंभ-शेवट नसतो.

(आ) पुस्तक मिटून जोडीने कथन. एकाने घरच्या भाषेत सांगावे आणि दुसऱ्याने रागीप्रमाणे विचारावे: 'मग? का बरे? कोण म्हणाले?' अ‍ॅनेमरी पालिंक्सार व अ‍ॅन ब्राउन यांनी १९८४ साली मांडलेल्या परस्पर-अध्यापनाच्या पद्धतीत सार सांगणे, प्रश्न विचारणे, शंका फेडणे आणि पुढचे भाकीत करणे या चार क्रिया विद्यार्थी आळीपाळीने करतात. पंडवानीच्या प्रदेशात ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही.

(इ) पडताळा. पुस्तक पुन्हा उघडून काय सुटले, काय बदलले, काय नवे आले, हे दोघांनी मिळून पाहावे. या पायरीवाचून पुनर्कथन ही केवळ स्मरणाची कसरत ठरते. खरे पुनर्वाचन येथेच घडते.

(ई) सार. पुस्तक मिटून, तीन वाक्यांत आणि मग एका वाक्यात. लांबीचे बंधन असावे, पण प्रमाणाचे नको. मूळ संहितेतील सबंध वाक्य वापरू नये, एवढा एकच नियम पुरेसा आहे.

(उ) सारांची तुलना. दोन-तीन सार फळ्यावर मांडून प्रत्येकाने काय केंद्रस्थानी धरले, याची चर्चा करावी.

मूल्यमापनात शब्दसंख्येऐवजी दुवे मोजावेत: पात्राला काय हवे होते, अडथळा कोणता, वळण कशाने आले, परिणाम काय झाला, आणि हे सारे एकमेकांना कसे जोडले. तपशील थोडे कमी असले तरी दुवे शाबूत असलेले कथन अधिक गुणांचे मानावे. मोठ्या पटाच्या वर्गात प्रत्येकाचे कथन शिक्षकाला ऐकता येणार नाही, ही अडचण खरी आहे. जोडीच्या रचनेमुळे ती काही अंशी सुटते. रोज दोनच जोड्यांजवळ बसून ऐकले, तरी महिन्याभरात साठ-सत्तर मुलांच्या वर्गातील प्रत्येकाचे वाचन शिक्षकाला एकदा तरी ऐकायला मिळते.

८. आक्षेप आणि मर्यादा

साहित्याच्या अभ्यासकांचा पहिला आक्षेप अपेक्षितच आहे. क्लीन्थ ब्रूक्स यांनी १९४७ साली कवितेचे सारकथन करून तिचा आशय हाती लागतो, या समजुतीला पाखंड म्हटले होते. हा आक्षेप कवितेपुरता मान्य करावा लागतो. भावकवितेत आशय आणि उच्चार वेगळे काढता येत नाहीत, आणि अशा कृतींना ही रीत लावल्यास नुकसानच होईल. परंतु ब्रूक्स यांचा रोख सार हाच अर्थ मानण्यावर होता. वाचनाच्या वाटेवरील एक टप्पा म्हणून सार करण्यावर नव्हे. किंबहुना सार करून पाहिल्यावरच त्यात काय मावले नाही, ते दिसते. 'एक टोकरी भर मिट्टी'चे एका वाक्यातले सार कितीही नेटके असले, तरी झोपडीत शिरताच रडू लागणारी विधवा त्यात येत नाही. ती का येत नाही, हा प्रश्न साहित्याध्यापनाचा खरा आरंभबिंदू आहे.

दुसरी मर्यादा संहिताप्रकाराची. कथेला घटनाक्रमाचा आधार असतो. माहितीपर किंवा वैचारिक गद्याला तो नसतो. तेथे पुनर्कथनाऐवजी युक्तिवादाचा क्रम पुन्हा मांडणे, म्हणजे कोणत्या विधानाने कोणत्या विधानाला आधार दिला हे सांगणे, इष्ट ठरेल. उपपत्तीची खूण येथे अधिक उपयोगी पडते.

तिसरी मर्यादा सामाजिक आहे. सर्वांसमोर बोलण्याची भीड, बोलीला हसण्याची सवय आणि शुद्धाशुद्धतेचा धाक यांमुळे जे मूल गप्प राहते, त्याचे आकलन कोणत्याच पद्धतीने कळणार नाही. म्हणून कथनाच्या वेळी भाषेची दुरुस्ती करू नये. दुरुस्तीचे स्थान लेखनाच्या पायरीवर आहे.

९. समारोप

पुनर्कथन आणि सारकथन ही वाचनाकलनाची केवळ परीक्षासाधने नाहीत. आकलन घडते तेच त्यांच्यामधून. सांगता सांगता वाचकाला आपल्याला काय कळले आणि काय कळले नाही, याचा पत्ता लागतो. पहिल्या क्रियेने संहिता मनात उभी राहते, दुसरीने तिचे केंद्र सापडते, आणि दोन कथनांच्या तुलनेने वाचन ही निवड आहे, याची जाण येते. रायपूरसारख्या परिसरात या क्रिया एका भाषेत बांधून ठेवणे म्हणजे मुलाच्या निम्म्या बुद्धीला वर्गाबाहेर उभे करणे होय. मराठी घरात वाढून हिंदीत लिहिणाऱ्या सप्रे यांनी अनुवादाच्या रूपाने जन्मभर जे केले, ते लहान प्रमाणावर येथील प्रत्येक मूल रोज करत असते. शाळेने त्याला नवे काही द्यायचे नाही. जे ते करत आहे, त्याला वाचनाचा दर्जा तेवढा द्यायचा आहे.